गदा कोणाच्या खांद्यावर? मल्लाची निवड करू पाहणाऱ्यांसाठी

२०१८ सालच्या डिसेंबरात, बासष्टाव्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या निमित्ताने, जालन्याच्या आझाद मैदानावर जी हजारो माणसे थंडीची तमा न बाळगता रात्री उशिरापर्यंत बसून राहत होती, त्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता : कोण मारणार? आमच्या मुलुखात कुस्ती जिंकत नाहीत, ती मारतात. आणि ती कोण मारणार याचे भाकीत करण्याचा अधिकार मोंढ्यातल्या हमालापासून कचेरीतल्या कारकुनापर्यंत सर्वांना सारखाच असतो. त्या आठवड्यात बहुतेकांच्या ओठी पुण्याच्या अभिजित कटके याचे नाव होते, आणि ते अकारण नव्हते. आदल्याच वर्षी भूगाव येथे किरण भगतसारख्या मातब्बर मल्लाला नमवून त्याने मानाची गदा मिळवली होती, वय त्याच्या बाजूने होते, आणि अंतिम कुस्ती ज्या गादीवर व्हायची त्या गादी विभागातूनच तो वर आला होता. प्रत्यक्षात अंतिम कुस्तीत माती विभागातून आलेल्या, बुलडाणा जिल्ह्याच्या वतीने उतरलेल्या बाला रफिक शेख याने त्याला ११-३ अशा गुणांनी हरवले. मी त्या गर्दीत होतो, आणि माझेही भाकीत चुकले होते.

ते का चुकले याचा विचार त्यानंतर मी बराच केला, आणि त्या विचारातून जे हाती आले ते, दरवर्षी स्पर्धा जवळ आली की मित्रमंडळींत आपापला मल्ल निवडून त्यावर चहाची, जेवणाची किंवा निव्वळ शब्दाची पैज लावणाऱ्या वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखनाचा हेतू आहे. पैशाच्या पैजेविषयीही मला सांगायचे आहे आणि ते मी स्पष्टपणे सांगणार आहे. परंतु आधी निवडीविषयी, कारण खरी विद्या निवडीचीच आहे.

प्रथम दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत, जे आपण नेहमी एकच समजून चालतो. 'या मैदानातला सर्वांत तयार मल्ल कोण?' हा एक प्रश्न, आणि 'ही स्पर्धा कोण मारणार?' हा दुसरा. समजा, एखादा मल्ल इतका तयार आहे की मैदानातल्या कोणाशीही त्याच्या पाच कुस्त्या लावल्या तर चार तोच मारील. अशा मल्लाविषयी आपण सर्वजण निःशंकपणे बोलू. पण गदेपर्यंत पोहोचण्यासाठी त्याला लागोपाठ पाच कुस्त्या माराव्या लागणार असतील, तर त्या पाचही मारण्याची त्याची शक्यता, साधा गुणाकार करून पाहिला तर, शंभरात तेहतिसाच्या पलीकडे जात नाही. म्हणजे जो निर्विवादपणे सर्वांत तयार आहे, तोसुद्धा तीन स्पर्धांपैकी दोन स्पर्धांत गदेविना घरी परतणार. हा हिशेब ज्याच्या मनात पक्का बसला, त्याला एखाद्या नामवंताचा पराभव म्हणजे आभाळ कोसळणे वाटत नाही, आणि 'अमुकच मारणार, लिहून घ्या' असे तो चारचौघांत म्हणत नाही.

गोल्फसारख्या, आपल्या मुलुखाला अपरिचित अशा खेळात ही गोष्ट अधिकच ठळकपणे दिसते. तेथे दीडशेच्या आसपास खेळाडू एकाच वेळी मैदानात उतरतात, चार दिवस रोज अठरा खळ्यांची फेरी खेळतात, दोन दिवसांनंतर निम्म्याहून अधिक गळतात, आणि उरलेल्यांत ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी तो विजयी ठरतो. त्या खेळातला आपल्या काळातला श्रेष्ठ खेळाडू टायगर वुड्स, ज्याने अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेत ८२ विजय मिळवले, तो त्यासाठी साडेतीनशेहून अधिक स्पर्धा खेळला. म्हणजे चारांतल्या तीन वेळा तोही दुसऱ्याच कोणाच्या तरी विजयाचा साक्षीदार होता. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी किंवा टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून उतरलेला पुण्याचा उदयन माने यांच्यासारख्यांची एखाद्या स्पर्धेतली आशा अजमावताना त्या खेळाचे जाणते लोक नावाकडे शेवटी पाहतात. ते आधी मैदान कसे आहे ते पाहतात, लांब आहे की अरुंद, वारा कोठून येतो, हिरवळ वेगवान आहे की मंद, आणि अशा जातीच्या मैदानावर या खेळाडूचा खेळ पूर्वी कसा उतरला आहे. मग गेल्या दोन-तीन महिन्यांतला खेळ. आणि कीर्ती सर्वांत शेवटी. आपण नेमके उलट करतो. आपण कीर्तीपासून सुरुवात करतो आणि बहुधा तेथेच थांबतो.

कुस्तीत मैदान म्हणजे माती की गादी, हा पहिला विचार. महाराष्ट्र केसरी गटात ८६ ते १२५ किलो वजनाचे मल्ल उतरतात. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता असे दोघे शेवटी समोरासमोर येतात, आणि ती शेवटची कुस्ती गादीवर होते. मातीत पाय रुततो, घामावर माती बसून पकड घट्ट होते, मल्लाला एकमेकांचा अंदाज घेत खडाखडी करायला सवड मिळते. गादीवर पाय हलका असावा लागतो, गती लागते, आणि प्रत्येक क्षणाला गुणफलक जागा असतो. या दोहोंतले अंतर किती मोठे असू शकते याचा सर्वांत बोलका दाखला खुद्द खाशाबा जाधवांचा आहे. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम या दोन्ही गोष्टी त्यांना नवख्या होत्या, तरीही ते सहावे आले. आणि पुढली चार वर्षे त्या नवखेपणाचा बंदोबस्त केल्यावर १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक मिळवले. माणूस तोच, ताकद तीच. बदलली ती जमिनीची ओळख.

परंतु येथेच माझ्यासारख्या जुन्या प्रेक्षकाची चूक होते, आणि जालन्यात माझी झाली ती हीच. मातीतून आलेला मल्ल गादीवर बुजणार, हा खाशाबांच्या काळी खरा असलेला नियम मी तसाच्या तसा सत्तर वर्षांनंतर लावला. आज कोल्हापूर असो वा पुणे, चांगल्या तालमीत आखाड्याची माती आणि गादी शेजारी-शेजारी असतात, आणि पट्ठा सकाळी एकीवर व संध्याकाळी दुसरीवर घाम गाळतो. बाला रफिक हा कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली घडलेला आणि पुढे पुण्याच्या हनुमान आखाड्यात तयार झालेला मल्ल. केवळ तो माती विभागातून आला म्हणून त्याला गादीवर दुबळा धरणे हे अज्ञान होते. म्हणून वाचकाने विभागाची पाटी वाचून थांबू नये. तो मल्ल कोणत्या तालमीत, कोणत्या वस्तादाच्या नजरेखाली आणि गेली दोन वर्षे प्रामुख्याने कशावर लढत आला आहे, याची चौकशी करावी. तालमीतली माणसे ही माहिती लपवीत नाहीत. आदराने विचारले तर हौसेने सांगतात.

दुसरा विचार भाग्यपत्रिकेचा. लॉट पडले की लोक आपल्या मल्लाच्या पहिल्या प्रतिस्पर्ध्याचे नाव पाहतात आणि पुढची पाने उलटत नाहीत. जाणत्याने संपूर्ण वाट पाहावी. दोन बलाढ्य मल्ल पत्रिकेच्या एकाच अर्ध्यात पडले असतील, तर त्यांतला एक अंतिम फेरीच्या आधीच जाणार हे उघड आहे. शिवाय जो राहील तो बहुधा घासून, दमून, कदाचित खांदा किंवा गुडघा दुखवून राहील, आणि दुसऱ्या अर्ध्यातून ताज्या दमाने आलेल्या, नावाने त्याच्याहून लहान मल्लाला त्याचा आयता लाभ मिळेल. म्हणून माझी पद्धत अशी की पत्रिका हाती आली की प्रथम सर्वांत कठीण अर्धा कोणता ते ठरवायचे, आणि सोप्या अर्ध्यातल्या दोन सर्वोत्तम नावांकडे, ती कमी गाजलेली असली तरी, अधिक गांभीर्याने पाहायचे. ही एक गोष्ट केली तरी आपली निवड शेजाऱ्याच्या निवडीहून पुष्कळ शहाणी होते.

तिसरी गोष्ट दमाची. आणि ती पत्रिकेत नसते, वर्तमानपत्रात नसते, ती फक्त डोळ्यांनी पाहावी लागते. ती पाहायला मला आमच्या आजोबांनी शिकवले, ज्यांना घरात आणि गावात सारे अण्णा म्हणत. मी आठ-नऊ वर्षांचा असेन; अंबड तालुक्यातल्या एका गावची यात्रा होती, हलगी कडाडत होती, फडाच्या कडेला आम्ही पोत्यावर बसलो होतो, आणि मधोमध दोन मल्ल, एक काळाभोर पहाडासारखा आणि दुसरा गोरटेला, मध्यम बांध्याचा, बराच वेळ एकमेकांच्या मानेवर हात टाकून झुलत होते. मी पहाडाकडे बोट दाखवून म्हणालो, "हाच मारणार." अण्णांनी माझी मान हलकेच धरून वळवली आणि म्हणाले, "दंडाकडं काय बघतोस? पोटाकडं बघ." मी पाहिले. गोरटेल्या मल्लाचे पोट भात्यासारखे संथपणे आत-बाहेर होत होते. पहाडाचे पोट जवळजवळ स्थिर होते, आणि त्याऐवजी दर श्वासाला त्याचे खांदे वर उचलले जात होते, नाकपुड्या फुगत होत्या. मग त्याने वाकून मूठभर माती उचलली आणि तळहातांवर चोळली. थोड्या वेळाने पुन्हा वाकला, पुन्हा माती उचलली. अण्णा म्हणाले, "एकदा उचलली ती पकडीसाठी, दुसऱ्यांदा उचलली ती दम खायला." त्यानंतर फार वेळ लागला नाही. गोरटेल्याने खाली घुसून पट काढला, पहाड गुडघ्यावर आला, आणि घिस्सा बसताच पालथ्याचा उताणा झाला. त्या दिवशी अण्णांनी मला गूळ-शेंगदाण्याचा पुडा घेऊन दिला, आणि त्या पुड्याइतकीच ती पोटाची गोष्टही मला अजून आठवते.

गादीवर माती नसते, पण दम खाण्याच्या युक्त्या तेथेही असतात आणि त्या ओळखता येतात. शिट्टी झाल्यावर जमिनीवरून उठताना मल्ल आपल्याच गुडघ्यावर तळहात टेकून उठतो का. रेषेबाहेर गेल्यावर मध्यभागी परत येताना त्याची पावले मोजून पडतात का. पायाचा पट्टा किंवा बुटाची नाडी दर कुस्तीत त्याच सुमारास कशी सुटते. तीन मिनिटांची पहिली फेरी संपून तीस सेकंदांची विश्रांती मिळते तेव्हा वस्ताद बोलत असताना त्याचे डोळे वस्तादाच्या तोंडावर आहेत की जमिनीवर. ही लक्षणे पहिल्या दोन कुस्त्यांत पाहून ठेवावीत. उपांत्य कुस्तीत त्यांचा अर्थ कळतो. सहा मिनिटांच्या कुस्तीत पाचव्या मिनिटानंतर ज्याचे गुण येतात, तो मल्ल स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी मोलाचा. आणि ज्याचे सारे गुण पहिल्या दोन मिनिटांत येऊन नंतर तो केवळ राखतो, त्याच्यावर शेवटच्या दिवशी मी भरवसा ठेवीत नाही, मग त्याचे दंड कितीही भरलेले असोत. २०२२ साली साताऱ्याला पृथ्वीराज पाटील याने विशाल बनकरवर जो विजय मिळवला तो ५-४ असा अवघ्या एका गुणाचा होता. असे एका गुणाचे फैसले बहुधा दमाच्या शेवटच्या मिनिटात लागतात.

नियम थोडेतरी ठाऊक असल्याशिवाय निवड करणे म्हणजे भाषा न जाणता दस्तऐवजावर सही करणे होय. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन मागे ताबा मिळवला तर दोन गुण. त्याची पाठ जमिनीकडे वळवली तर दोन. उभ्याने उचलून थेट धोक्याच्या स्थितीत फेकले तर चार, आणि फेक भव्य असेल तर पाच. रेषेबाहेर ढकलले तर एक. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तेथेच संपते. आणि चीतपट झाली तर गुणफलकाला काहीच अर्थ उरत नाही. जो मल्ल लढत नाही त्याला पंच ताकीद देतात, मग तीस सेकंदांची मुदत देतात, आणि त्या मुदतीत त्याने गुण घेतला नाही तर समोरच्याला एक गुण मिळतो. गुण समसमान राहिले तर मोठ्या डावांचा, ताकिदींचा आणि शेवटचा गुण कोणाचा याचा विचार होतो. १-१ अशा कुस्तीत ज्याने शेवटचा गुण घेतला तो विजयी. यावरून निवडीचे एक तत्त्व निघते. काही मल्ल चार गुणांच्या फेकीवर जगतात, काही एकेका गुणाची बेरीज करीत जातात. पहिल्या जातीचा मल्ल एका झटक्यात कोणालाही पाडू शकतो, पण त्या झटक्यात स्वतःही पडू शकतो. दुसऱ्या जातीचा मल्ल क्वचितच नेत्रदीपक दिसतो, पण पाच कुस्त्यांच्या स्पर्धेत तो अधिक वेळा शेवटपर्यंत पोहोचतो. एका कुस्तीसाठी निवड करायची तर मी पहिल्याचा विचार करीन. पूर्ण स्पर्धेसाठी दुसऱ्याचा.

डावांचा हिशेब हा या साऱ्यातला सर्वांत आनंदाचा भाग आहे, आणि येथे थोडे रेंगाळल्याबद्दल वाचक मला क्षमा करतील. प्रत्येक मल्लाचे एक-दोन हुकमी डाव असतात. कोणाचा एकेरी पट, कोणाची ढाक, कोणाची कलाजंग, कोणाची बाहेरची टांग, कोणाचा भारंदाज. पण डाव एकटा नसतो, त्याला तोड असते, आणि खरा प्रश्न असा की याचा हुकमी डाव समोरच्याच्या तोडीपुढे टिकेल का. उंच मल्लाची ढाक बुटक्या, खाली वाकून लढणाऱ्या मल्लावर बसत नाही, कारण काखेत शिरायला जागाच मिळत नाही. उलट पटावर जगणाऱ्या मल्लाला मान दाबून ठेवणारा, वजनाने भारी प्रतिस्पर्धी मिळाला की त्याची कुस्ती निम्मी होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला सिकंदर शेखने त्याच वर्षाच्या जानेवारीत गदा मिळवलेल्या शिवराज राक्षेला झोळी डावावर अर्ध्या मिनिटाच्या आत चीतपट केले तेव्हा अनेकांनी त्याला दैव म्हटले. मला ते दैव वाटत नाही. हुकमी डाव, तो बसण्याची नेमकी संधी आणि ती संधी ओळखण्याची विजेसारखी नजर, असा तो संयोग होता. मात्र असा संयोग कोणत्या दिवशी जुळेल हे आधी सांगता येत नाही, आणि म्हणूनच मघाचा शंभरात तेहतिसाचा हिशेब डोळ्यांआड करता येत नाही. आपण ज्याला निवडतो आहोत त्याचे आणि त्याच्या वाटेत येऊ शकणाऱ्या तीन-चार मल्लांचे हुकमी डाव एका कागदावर समोरासमोर लिहिले, तर पुष्कळ वेळा अवघी स्पर्धा आधीच डोळ्यांपुढे उभी राहते.

दुखापत, वजन आणि हंगाम यांविषयी थोडक्यात सांगतो. यात्रांच्या हंगामात ज्याने एकामागून एक इनामी कुस्त्या केल्या आहेत, त्याचे अंग तयार असते पण सांधे थकलेले असतात. मागल्या वर्षीच्या छायाचित्रात नसलेला गुडघ्याचा पट्टा या वर्षी दिसला तर त्याची नोंद घ्यावी. महाराष्ट्र केसरी गटात खालची मर्यादा ८६ आणि वरची १२५ किलो असल्याने तीस-पस्तीस किलोंचे अंतर असलेली जोडही लागू शकते. हलका मल्ल जितका लवकर गुण घेईल तितका बरा, कारण भारी मल्ल मानेवर वजन टाकून बसला की मिनिटागणिक हलक्याच्या पायांतली शक्ती जाते.

आणि पंचांचा निर्णय. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याला माती विभागाच्या कुस्तीत सिकंदर शेखविरुद्ध महेंद्र गायकवाडला दिलेल्या चार गुणांवरून सबंध महाराष्ट्रात वाद झाला, आणि २०२५ साली अहिल्यानगरच्या स्पर्धेतही पंचांच्या निर्णयावरून मैदानात प्रक्षोभ उसळला. कोण बरोबर हे ठरवण्याची ही जागा नव्हे. निवड करणाऱ्याने एवढेच लक्षात ठेवावे की निकालात मानवी निर्णयाचा वाटा असतो, आणि तो त्याच्या हिशेबात आधीपासून असायला हवा, नंतर तक्रारीत नव्हे.

आता वहीविषयी, जिच्यावाचून वरील सारे शब्द वाऱ्यावर जातील. स्पर्धेच्या आदल्या दिवशी, पत्रिका हाती आल्यावर, एक पान घ्यावे. ज्यांना गदेची वास्तविक आशा आहे अशी सहा-सात नावे लिहावीत. आणि प्रत्येकापुढे शंभरांपैकी किती, हा आकडा लिहावा. अखेरची ओळ 'इतर' अशी असावी, आणि सर्व आकड्यांची बेरीज बरोबर शंभर यावी. बेरीज शंभर आणण्याची ही सक्ती मोठी गुणकारी आहे, कारण मनात आपण चौघांनाही 'निम्मी आशा' देऊन बसलेलो असतो आणि ते आपल्या ध्यानात येत नाही. लिहू लागलो की एकाला वाढवायचे तर दुसऱ्याचे कमी करावे लागते, आणि मगच खरा विचार सुरू होतो. आकड्याशेजारी चार शब्दांत कारण लिहावे : दम, वाट, डाव, गुडघा. निकालानंतर वेगळ्या शाईने काय चुकले ते लिहावे. पाच-सहा वर्षांची अशी पाने जमली की आपल्या नजरेचा कल आपल्यालाच दिसू लागतो. मी उंच मल्लांना नेहमी थोडे अधिक देतो, हे मला माझ्या वहीने सांगितले. कोणा माणसाने सांगितले असते तर मी मानले नसते.

पैशाच्या पैजेविषयी बोलण्याचे मी मघाशी कबूल केले होते. भाव कसे ठरतात ते पाहू. समजा चार मल्ल उरले आहेत, आणि सट्टा घेणारा पहिल्यावर रुपयाला रुपया, दुसऱ्यावर रुपयाला दोन, तिसऱ्यावर चार आणि चौथ्यावर नऊ असा भाव देतो. रुपयाला रुपया म्हणजे शंभरात पन्नास आशा. रुपयाला दोन म्हणजे तेहतीस. चार म्हणजे वीस. नऊ म्हणजे दहा. बेरीज करा : एकशे तेरा. चौघांपैकी एकच मारणार, म्हणजे खरी बेरीज शंभरच असायला हवी. वरचे तेरा हे भाव देणाऱ्याचे आहेत, कुस्ती कोणीही मारो. अशा भावाने वर्षानुवर्षे पैसे लावणाऱ्याची नजर इतरांहून थोडीथोडकी नव्हे, बरीच अधिक तीक्ष्ण असली तरच तो नुसता बरोबरीला येईल. जगातल्या कोणत्याही खेळाला, गोल्फलाही, हाच हिशेब लागू आहे.

कायद्याची बाजूही निःसंदिग्ध आहे. महाराष्ट्रात १८८७ सालापासून चालत आलेला जुगार प्रतिबंधक कायदा अंमलात आहे. त्यातून परवान्याच्या शर्यतीच्या मैदानावरील घोड्यांच्या शर्यतींना वाट दिलेली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा भाग प्रधान असल्याचे मानले. पण ती सवलत कुस्तीच्या किंवा गोल्फच्या निकालावर पैसे लावणाऱ्याच्या कामी येत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या तिसाव्या कलमान्वये पैजेचा करार निरर्थक असतो, म्हणजे जिंकलेल्याला आपली रक्कम वसूल करण्यासाठी दिवाणी कचेरीची पायरी चढता येत नाही. आणि २०२५ सालच्या ऑगस्टमध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने मोबाइलवरून पैसे लावून खेळावयाचे खेळ, मग ते नशिबाचे असोत वा कौशल्याचे, चालवणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांसाठी पैशांची देवघेव करून देणे या तिन्ही गोष्टींना मनाई केली आहे. गावातल्या तरुणांच्या हाती असलेल्या मोबाइलवर परदेशातून चालणाऱ्या सट्ट्याची आमिषे येत असतात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी या कायद्याची माहिती करून घ्यावी आणि मुलांशी त्याविषयी बोलावे, रागावून नव्हे, समोर बसून.

कायद्याहून मला अधिक जिव्हाळ्याची वाटते ती गोष्ट वेगळी आहे. आमच्या भाषेत 'नुरा कुस्ती' असा शब्द आहे. दोघांनी आधीच ठरवून केलेली कुस्ती. ज्या फडात मल्लांच्या इनामापेक्षा कडेला बसलेल्यांची रक्कम मोठी होते, त्या फडात तो शब्द कानोकानी फिरू लागतो, आणि एकदा फिरू लागला की प्रामाणिकपणे पडलेल्या मल्लालाही तो चिकटतो. पहाटे चारला उठून हजार जोर आणि दोन हजार बैठका मारणाऱ्या, घरची चार एकर कोरडवाहू जमीन खुराकापायी गहाण पडलेली पाहणाऱ्या पोराच्या माथी हा कलंक लागावा, ही गोष्ट मला सहन होत नाही. आमच्याच जालना जिल्ह्यातल्या जांबेत जन्मलेल्या समर्थ रामदासांनी गावोगावी मारुती स्थापून बलोपासनेची वहिवाट घातली. त्या मारुतीपुढे नारळ फोडून फडात उतरणाऱ्याकडे आपण भावाच्या आकड्यातून पाहू नये.

मी स्वतः एकदा तसे पाहिले आहे. तरुणपणी एका यात्रेत मी एका मित्राशी शंभर रुपयांची पैज लावली. त्या काळी ती रक्कम माझ्या महिन्याच्या मेसच्या खर्चाहून अधिक होती. कुस्ती चांगली वीस मिनिटे चालली, आणि आज मला तिच्यातले काहीही आठवत नाही. कोणी कोणता डाव टाकला, कोणाचा दम आधी गेला, पंच कोण होते, काही नाही. आठवते ती खिशात घट्ट मिटलेली माझी मूठ आणि तिच्यात धरलेली नोट. पोटाकडे पाहायला अण्णांनी शिकवलेला मी, त्या वीस मिनिटांत एकदाही मल्लाच्या पोटाकडे पाहिले नव्हते. पैज मी जिंकलो. मित्राने पैसे दिले आणि दिवाळीपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

तेव्हापासून आमच्या मंडळींचा शिरस्ता असा आहे की ज्याच्या वहीतले आकडे सर्वांत खोटे ठरतील त्याने सर्वांना स्टेशनरोडवर मिसळ खाऊ घालायची, आणि ज्याचे सर्वांत खरे ठरतील त्याने पुढल्या वर्षी पहिल्यांदा आपले पान वाचून दाखवायचे. २०१८ च्या त्या पानावर माझ्या हातचे 'अंतिम : अभिजित ६५, बाला रफिक ३५' असे अक्षर आहे, आणि खाली लाल शाईत 'मातीवाला गादीवर कमी धरला; तालीम पाहिली नाही.' ज्या अभिजितला मी त्या दिवशी अधिक दिले होते, त्याने पुढे जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादला हिंदकेसरीची गदा मिळवली. त्या वर्षीच्या पानावर मी त्याला तीसच दिले होते. त्या वर्षीची मिसळ मीच दिली.